दुरुस्तीला गेलेलं पुस्तक

"आता हा कोण शहाणा म्हणायचा?" असं पुटपुटत डिंकमामांनी पानावरची खोडरबराचा चुरा फुंकला. समोर अर्थशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं आणि कुणीतरी त्याच्या समासात लेखकाशी पेन्सिलीनं भांडण काढलं होतं. आधी 'बरोबर', मग 'कशावरून?', मग 'साफ खोटं' आणि त्यानंतर शेवटच्या पानापर्यंत चिडीचूप. भांडणाऱ्यानं पुस्तकच सोडून दिलं असणार. मामांनी 'साफ खोटं' खोडायला घेतलं, तर ते काही केल्या जाईना. रागात लिहिणारी माणसं पेन्सिल फार दाबतात आणि दाबून लिहिलेलं कधी पुरतं जात नाही. शिसं निघतं, पण कागदाला पडलेला चर तसाच राहतो.

ग्रंथालयाच्या कायदा, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागाच्या मागे एक लांबट खोली होती. पाठी सुटलेली, पानं निखळलेली पुस्तकं तिथं यायची. मामा त्यांना शिवत, डिंक लावत, कापडी पाठ चढवत आणि लोकांनी समासात पाजळलेली अक्कल पुसून टाकत. बोटांना डिंक कायमचा, म्हणून नाव डिंकमामा. खरं नाव हजेरीपटाला तेवढं ठाऊक होतं.

पुस्तक किती वाचलं गेलंय हे कळायला त्यांना ते उघडावं लागत नसे. मिटलेल्या पुस्तकाची कड बघायची. बोटं जिथवर पोचली तिथवर ती मळते. कायद्याची पुस्तकं मधेच कुठेतरी मळतात, परीक्षेपुरती. अर्थशास्त्राची पहिल्या प्रकरणापुरती. आणि जगाचं पुढं काय होणार हे सांगणाऱ्या ग्रंथांचा नुसता आरंभ आणि शेवट मळलेला असतो, मधलं सगळं जग कोरं. मामा हे हसत हसत सांगायचे, पण ती पुस्तकं त्यांना स्वतःला वाचता यायची असं नाही. एकदोनदा त्यांनी प्रयत्न केला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

दारात काउंटरवरच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. या बाई एरवी दारात उभ्या राहणाऱ्यातल्या नव्हेत, सरळ आत येऊन स्टुलावर बसणाऱ्या आणि आधी सुनेची तक्रार करणाऱ्या. आज त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मामा, बाहेर एक मुलगी आलीय. जात नाहीये."

"मग बसू दे की. खुर्च्या कशाला ठेवल्यात?"

"तिला एक पुस्तक हवंय. दुरुस्तीला आहे म्हणून सांगितलं मी. तर म्हणते, गेल्या वर्षी पण हेच सांगितलं होतंत. पुस्तक बांधताय की घर? दुरुस्तीवाल्यांनाच भेटते म्हणते."

"कुठलं पुस्तक? माझ्याकडे वर्षभर पडून असलेलं एकही नाही."

बाई खाली बघून म्हणाल्या, "आपल्या पोरीचं."

मामांच्या हातातला खोडरबर पडला तो टेबलाखाली गेला. तो शोधायला ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मामांची लेक एकुलती एक. कायदा शिकली, मग अर्थशास्त्र शिकली आणि या दोन्हींच्या मधे कुठंतरी तिनं आपलं पुस्तक लिहिलं. परदेशी जाऊन दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायांवर. त्यांचे करार कोण करतं, ते कुठल्या देशाच्या कायद्यात बसतात, बाई निघून गेल्यावर मागं घराचं काय होतं, असं सगळं. लहानशा प्रकाशनानं ते छापलं आणि पुढं ते प्रकाशनच बंद पडलं. लेकीला मिळालेल्या प्रती तिनं दवाखान्याच्या खाटेवरून वाटून टाकल्या. शिक्षकांना, वकिलांना, आणि ज्या बायांशी ती बोलली होती त्यांना. मामा म्हणाले होते, "अगं, एक तरी घरी ठेव." त्यावर ती हसली होती. "घरातलं पुस्तक कुणी वाचत नसतं, बाबा. तुमच्या ग्रंथालयात आहे की एक. तिथं कुणीतरी येईल."

पुस्तक निघालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. रक्ताचा आजार होता. सांगणाऱ्यांनी त्याचं नाव सांगितलं होतं, मामांनी ते मुद्दाम लक्षात ठेवलं नाही.

ग्रंथालयाचा नियम असा की काही वर्षं कुणी हात न लावलेलं पुस्तक मांडणीवरून काढायचं. मग त्यावर रद्दचा शिक्का आणि मग लगदा. ढकलगाडीवरून अशी पुस्तकं मामांच्या खोलीसमोरूनच जायची. एकदा त्या गाडीकडे बघता बघता त्यांना मांडणीवरची ती एकुलती एक प्रत आठवली. त्याच दिवशी त्यांनी लेकीचं पुस्तक मांडणीवरून उतरवलं, कड पाहिली. पांढरीशुभ्र. त्यांनी ते स्वतःच्या कार्डावर घेतलं. मुदत संपली की एका हातानं परत आणि दुसऱ्या हातानं पुन्हा. कागदोपत्री त्या पुस्तकाला मागणी राहिली, शिक्क्याचं भय टळलं. डिंकानं चिकटवलेली त्याची छापील पाठ सोलून मामांनी ते पान न् पान शिवून काढलं होतं. संबंध इमारतीत तेवढं भक्कम बांधलेलं दुसरं पुस्तक नव्हतं, आणि ते होतं मामांच्या घरी.

काउंटरवरच्या बाईंना हे ठाऊक होतं. त्यांनी कधी हटकलं नाही. माणूस लेकीचं पुस्तक नेतोय, नेऊ दे.

"बाई," मामा टेबलाखालून वर आले, "आजवर अशी किती माणसं येऊन गेली?"

"मोजलीत कुणी? येतं अधूनमधून कोणीतरी. एक वकीलबाई आली होती. एक म्हातारे मास्तर. ही तर तिसऱ्यांदा आलीय."

"आणि तुम्ही त्यांना..."

"दुरुस्तीला आहे म्हणायची. काय करू मग? तुमच्याकडून काढून घेऊ? तुमच्या तोंडाकडे बघून जीभ रेटली नाही हो माझी."

रागावावं तर कुणावर? बाईंनी चांगलंच करायचं पाहिलं होतं. मामांनीही चांगलंच करायचं पाहिलं होतं. दोन चांगल्या माणसांनी मिळून पोरीच्या पुस्तकाला दाराआड कोंडलं होतं, आणि दार वाजवणाऱ्यांना परत पाठवलं होतं. तिथं कुणीतरी येईल, असं ती म्हणाली होती. तशी माणसं आली होती. मामांनी खोडरबर टेबलावर ठेवला आणि ते दाराकडे निघाले.

बाहेर आले तेव्हा ती मुलगी काउंटरला टेकून उभी होती. पाठीवर पोतडीएवढी पिशवी, डोळे तारवटलेले, रात्रभराचा प्रवास तोंडावर दिसत होता.

"तुम्ही दुरुस्ती करता का, काका? मला फक्त पाचवं प्रकरण बघायचंय. इथंच बसून बघते. पानं सुटी असली तरी चालतील."

"सुटी नाहीत," मामा म्हणाले. "शिवून झालंय. उद्या सकाळी देतो."

"नक्की ना? गेल्या वेळी पण..."

"उद्या सकाळी. मी स्वतः देतो."

तिनं लेखिकेबद्दल काही विचारलं असतं तर मामांनी सांगितलं असतं. सगळंच सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही. तिला झोप आली होती.

घरी पुस्तक लेकीच्या टेबलावर असायचं. तिच्या आईनं त्याला निळा कागद चढवला होता. रोज सकाळी ती टेबल पुसायची, पुस्तक उचलून त्याखाली पुसायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. उघडायची मात्र नाही. लेक पाच वर्षांची असताना ही बाई परदेशी घरकामाला गेली होती आणि परतली तेव्हा लेकीच्या उंचीचा अंदाज चुकून तिनं आणलेले कपडे सगळे आखूड निघाले होते. मधल्या वर्षांत पोरीची वेणी बापानं घातली. डिंकाच्या बोटांनी. शाळेत इतर मुलींच्या वेण्या दुपारपर्यंत सुटायच्या, हिची दुसऱ्या दिवशीही हलायची नाही, उलट सोडवताना रडारड व्हायची.

मामांनी चपला काढल्या आणि तसेच दारात उभे राहिले.

"अगं, ते पुस्तक उद्या न्यायचंय."

"मुदत संपली? गेल्याच महिन्यात तर नेऊन आणलंत."

"तसं नाही. एका मुलीला द्यायचंय."

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "द्यायचंय म्हणजे?"

"वाचायला. ग्रंथालयाचं आहे ते."

"आहे ना ग्रंथालयाचं? मग तिथं काय त्या एकाच पुस्तकावाचून अडलंय? इतकी पुस्तकं सडतायत म्हणून तुम्हीच सांगता. त्यातलं द्या एखादं."

मामांनी मग सांगितलं. वकीलबाई, म्हातारे मास्तर, तीनदा आलेली पोर, सगळं. सांगताना आवाज धड निघत नव्हता. "मला वाटायचं, कुणी विचारत नाही तिला. म्हणून मी आपला राखत बसलो होतो. आणि माणसं येऊन जात होती गं."

तिनं सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही वाचलंय का ते कधी?"

"अर्पणपत्रिका वाचली. पुढं गेलोच नाही. तुला तर माहितीय, मला ते..."

"मी तर तेही नाही. उघडलं की ती बोलायला लागेल असं वाटायचं. आणि आपल्याला उत्तर देता यायचं नाही." तिनं ओले हात पुसले. "त्या मुलीनं हरवलं तर?"

"हरवायची नाही."

"फाडलं तर?"

"मी शिवलंय ते. फाडून दाखव म्हणावं."

यावर दुसऱ्या कुठल्या दिवशी ती हसली असती. ती उठली, टेबलापाशी गेली आणि पुस्तकाचा निळा कागद काढू लागली. तिनं तो कुठं फाटू दिला नाही. नीट घडी घालून ड्रॉवरमधे ठेवला.

"मी गेले होते तेव्हा तुम्ही तिला काय सांगायचात?"

"परत येईल म्हणायचो."

"रोज?"

"विचारायची तेव्हा. म्हणजे रोजच."

"मग हेही येईल," ती म्हणाली आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

सकाळी मुलगी दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर बसलेली होती. तिनं पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "काका, तुम्ही एवढा वेळ का लावलात ते आता कळलं. काय शिवलंय." मामांनी मान हलवली. बाईंनी पुस्तक तिच्या नावावर चढवलं, यंत्राचा टुक आवाज झाला आणि बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मुलगी पाचव्या प्रकरणापुरती आली होती. दुपारी ती तिसऱ्यात होती. संध्याकाळी, पुस्तक आपल्या गावी नेलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. मामांनी चालेल म्हटलं आणि तिच्या पोतडीत ते अदृश्य होताना पाहिलं.

मग ते दिवस मामांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. घरी टेबल रोज पुसलं जात होतं. उचलून खाली पुसायला काही नव्हतं, तरी लेकीच्या आईचा हात तेवढ्या जागेशी येऊन अडायचा आणि मग पुढं सरकायचा. पुस्तकाचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. फक्त एकदा, जेवताना, तिनं विचारलं, "उशीर झाला तर दंड करतात का हो?"

"करतात."

"तिला करू नका म्हणावं."

उशीर झाला नाही. मुदतीच्या आधीच एका सोमवारी दाराजवळच्या पेटीत पुस्तक येऊन पडलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी मुलगी येऊन गेली असणार. दुरुस्तीच्या ढिगात बाईंनी ते सगळ्यात वर ठेवलं होतं.

मामांनी आधी कड पाहिली. अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे कुठेही न थांबता, एक फिकट करडी झाक आली होती. मामा किती तरी वर्षं हे काम करत होते. अशी सबंध मळलेली कड त्यांनी फार थोड्या पुस्तकांना पाहिली होती.

मग पुस्तक उघडलं. मुलीनं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. बारीक, पट्टी लावून मारल्यासारख्या. मामांनी सवयीनं खोडरबर घेतला आणि पुसायला लागले. दोन पानं पुसली, तिसरं पुसलं आणि चौथ्यावर हात आपोआप जाग्यावर थांबला. आपण काय करतोय? या पोरीला आपल्या पोरीचं जे आवडलं, ते आपण खोडतोय. त्यांनी घाईघाईनं मागची पानं चाळली. रेघा गेल्या होत्या. त्या कुठं होत्या हेही आता कळत नव्हतं. मुलीनं पेन्सिल हलक्या हातानं धरली होती. मामा डोक्याला हात लावून बसले आणि लहान मुलासारखे रडले. दार लोटलेलं होतं. बाहेर बाई कुणाला तरी मोठ्यानं सांगत होत्या की मामा कामात आहेत.

मग त्यांनी खोडरबर खिशात टाकला आणि एकेक पान उलटत गेले. पाचव्या प्रकरणात समासात पहिल्यांदाच अक्षरं दिसली. मामांनी ती वाचली. शेजारचा छापलेला मजकूर वाचला. मग पुस्तक मिटलं, कार्डावर घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीची वाट न बघता घरी निघाले.

"आलं?" तिनं दारातच विचारलं.

"आलं. बस जरा. वाचतो."

"मला नाही कळायचं ते."

"हे कळेल."

मामा वाचू लागले. छापील मराठी, आणि त्यांचा आवाज दर वाक्याला ठेचकाळत होता. "'एका घरकामगार स्त्रीच्या करारात साप्ताहिक सुट्टीची तरतूद होती, मायदेशी येण्याच्या रजेची नव्हती. आठवड्यातून एकदा ती आपल्या मुलीशी फोनवर बोलत असे. फोन ठेवल्यावर ती त्या घरातल्या मुलीची वेणी घालायला जाई. ती म्हणाली, हात तिच्या केसांत असायचे आणि कानात माझ्या लेकीचा आवाज. वेतनाच्या कोणत्याही व्याख्येत हे काम बसत नाही.'"

तिनं तोंडावर पदर दाबला होता. तो खाली घेत म्हणाली, "मी सांगितलं होतं तिला हे. एकदा केस विंचरताना. मला वाटलं, ऐकलंच नाही तिनं. पुस्तकात डोकं होतं तिचं."

"ऐकलं होतं."

"ऐकलं होतं," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "आणि ते बाजूला काय लिहिलंय?"

"त्या मुलीनं लिहिलंय. 'पुढे या बाईचं काय झालं? लेखिकेला विचारायला हवं.'"

स्वयंपाकघरात नळ टपकत होता. तो बंद करायला कुणी उठलं नाही.

"तिला माहीत नाही?" आईनं विचारलं.

"मी सांगितलं नाही. पुस्तकातही कुठं लिहिलेलं नाही. पुस्तक निघालं तेव्हा होती ना ती."

"म्हणजे ती पोर विचारत राहणार."

"पुढचं कुणी वाचेल तेही विचारेल."

ती उठली. लेकीच्या ड्रॉवरमधे निळ्या कागदाच्या घडीखाली पेन्सिली होत्या, लेकीनं चावून चावून टोकं चपटी केलेल्या. त्यातली एक तिनं आणून मामांपुढे ठेवली.

"लिहा."

"अगं, ग्रंथालयाचं पुस्तक आहे. जन्मभर मी लोकांचं खोडत आलोय."

"म्हणून तर. तुमचं कोण खोडणार? लिहा. परत आली म्हणावं."

"एवढंच?"

ती विचारात पडली. आणखी काही सांगायचं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. परत आली तेव्हा मुलीनं तिला ओळखलं की नाही, किती दिवस जवळ आली नाही, मग कधी आली, आणि नीट जवळ आली तोवर किती थोडं उरलं होतं.

"एवढंच," ती म्हणाली. "विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्यावं."

मामांनी पुस्तक गुडघ्यावर घेतलं. मुलीच्या फिकट अक्षरांखाली जागा होती. चावलेल्या पेन्सिलीचं टोक त्यांनी कागदावर टेकवलं आणि 'परत आली' असं लिहिलं. हळूहळू, पेन्सिल चांगली दाबून.